मेणातला डाग

"डबा मांडीवरून हलवायचा नाही," मी अण्णांना तिसऱ्यांदा बजावलं. "खाली ठेवायचा नाही, खिडकीपाशी धरायचा नाही, आणि उघडायचा तर मुळीच नाही."

"व्हय की गं," अण्णा म्हणाले. "डब्यात काय नागोबा हाय काय?"

नागोबा परवडला असता. तो निदान उन्हात वितळला नसता.

मिरज-पुणे एसटी साताऱ्याच्या स्टँडवर थांबली होती. कंडक्टरने पंधरा मिनिटं दिली होती. मे महिना, अकराही वाजले नव्हते आणि खिडकीचा गज हाताला चटका देत होता. डब्याला गुंडाळलेला ओला नॅपकिन कराडच्या अलीकडेच वाळून खडखडीत झाला होता, तो भिजवून आणणं भाग होतं. शिवाय माझं मलाही जायचं होतं, सकाळी सातपासून दाबून बसले होते. म्हणून तो चपटा स्टीलचा डबा मी पहिल्यांदा माझ्या हातातून सोडला आणि अण्णांच्या मांडीवर ठेवला.

त्या डब्यात माझ्या बापाचा, अण्णांचाच हात होता. म्हणजे हाताचा एक तुकडा, तुरीच्या डाळीएवढा. काडेपेटीपेक्षा लहान अशा मेणाच्या ठोकळ्यात तो बसवलेला होता, खाली प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेला नंबर. आपल्याकडे ही रीतच आहे. एका दवाखान्याने कापायचं, दुसऱ्याने तपासायचं आणि मधली ने-आण घरच्या माणसांनी करायची. चिवड्याच्या आणि पापडाच्या पिशव्यांशेजारी माणसांचे असे तुकडे एसटीतून रोज फिरत असतात, कुणाला पत्ता नसतो. मिरजेच्या दवाखान्यातल्या माणसाने ठोकळा माझ्या हातावर ठेवला तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, जपा बरं का. मेण आहे, उन्हात मऊ पडेल. आणि आत माल फार थोडा उरलाय. एकदाच तपासणी होईल. संपला की संपला, दुसरा कुठून आणणार?"



आम्ही तबलेवाले. वाजवणारे नव्हे, करणारे. कातडं ताणायचं, चामड्याच्या वाद्या ओढायच्या, आणि मधोमध तो काळा गोल बसवायचा, ज्याला शाई म्हणतात. लोखंडाच्या किटाची बारीक भुकटी आणि भाताची खळ कालवायची, तिचा पातळ थर द्यायचा, काळ्या दगडाने घोटायचा, वाळला की वर दुसरा थर. असे पंधरा, वीस, तीस थर. आई गेली आणि घरात मुलगा नव्हता, म्हणून अण्णांनी हे काम मलाच शिकवलं. बाईमाणसाने लावलेली शाई बोलते का, म्हणून गिऱ्हाइकं आधी चेष्टा करायची, मग मुकाट्याने जोड्या घेऊन जायची. आमचे हात कायमचे काळे. त्यामुळे अण्णांच्या उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या बुडाशी वाटाण्याएवढा काळा डाग पडला तेव्हा दोघांपैकी कुणाच्या मनात काही आलं नाही. शाई मुरलीय, असं म्हणालो. दुसऱ्या कुठल्याही घरात तो डाग महिन्याभरात कुणाच्या तरी डोळ्यांत भरला असता. आमच्या घरात तो दोन वर्षं आरामात राहिला.

मार्चमध्ये सुरी लागून अण्णांचा हात कापला म्हणून टाके घालायला गेलो, आणि डॉक्टर हेरवाडकरांनी जखम सोडून डागच बघत बसायला सुरुवात केली. आठवड्यात डाग कापून काढला. तपासणीत मेलॅनोमा निघाला, कातडीचा कॅन्सर.

"लवकर सापडलाय," हेरवाडकर म्हणाले होते. "एक मिलिमीटरही खोल गेलेला नाही. शंभरातल्या बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. पण थोडे असे निघतात की डाग असाच पातळ असतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी तो काखेत, नाहीतर फुप्फुसात उगवतो. दुर्बिणीखाली दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून पुण्याला एक तपासणी करून घेऊ. नवीन आहे."

"काय बघत्यात त्यात?" अण्णांनी विचारलं.

"जीन्स. म्हणजे आईबापांकडून आलेला मजकूर म्हणा. शरीराच्या प्रत्येक पेशीत तोच मजकूर असतो, पण सगळा काही वाचला जात नाही. त्यावर बारीक बारीक खुणा बसतात, त्या ठरवतात की कुठलं पान उघडं राहायचं आणि कुठलं मिटलेलं. तुमच्या डागात जी पानं मिटलेली हवीत ती उघडली आहेत का, किती मोठ्याने वाचली जातायत, ते मोजतात. त्यावरून धोका कमी की जास्त ते कळतं."

मला घंटा काही कळलं नाही. अण्णा मात्र मान डोलवत होते. "म्हंजे कातडं त्येच," ते म्हणाले. "वर थर कसं बसलंत, त्यावर आवाज."

हेरवाडकर हसले. "अगदी बरोबर, मामा. धोका कमी निघाला तर तीन-तीन महिन्यांनी नुसतं बघत राहायचं. जास्त निघाला तर मग मागे-पुढे बघायचं नाही. अंगठ्याचं बूड काढावं लागेल आणि काखेतल्या गाठीही तपासाव्या लागतील."

अंगठ्याचं बूड म्हणजे अंगठाच की. आणि अंगठ्याशिवाय दगड धरणार कसा, घोटणार कसं?  अण्णांनी भलतंच विचारलं.

"डॉक्टर, ह्ये पोरांत उतरतं काय?"

"सहसा नाही."

"सहसा," अण्णा स्वतःशी म्हणाले. मला वाटलं, डॉक्टरी शब्द म्हणून घोळवतायत तोंडात.

तर साताऱ्याच्या स्टँडवर मी नॅपकिन भिजवून, चांगला गार पिळून, धावतच बसकडे आले. रांगेत दहा मिनिटं गेली होती. बसची पायरी चढले आणि समोर जे बघितलं त्याने माझ्या तोंडचं पाणी पळालं.

डबा उघडा होता. ठोकळा अण्णांच्या डाव्या हातात होता, खिडकीच्या उजेडाकडे धरलेला. उजव्या हातात कातडं तासायची छोटी सुरी. आणि मांडीवर पसरलेल्या रुमालावर मेणाचा भुगा, त्यात एक काळा कण. कीट विकणारे लोखंडात कोळशाची भुकटी मिसळतात, म्हणून अण्णा खरंखोटं करायला खिशात कायम लोहचुंबक ठेवायचे. सुरी ठेवून ते चुंबक त्यांनी त्या कणाजवळ नेलं, आणखी जवळ नेलं, टेकवलं. कण जागचा हलला नाही.

"अण्णा!"

अख्खी बस वळून बघायला लागली. मी ठोकळा हिसकावून घेतला. एक कोपरा साफ उडाला होता आणि तुकड्याच्या कडेवर नखाचे तीन ओरखडे होते. तुरीच्या डाळीतली किती डाळ गेली हे मला कळेना.

"काय केलंत हे? काय केलंत तुम्ही?"

"शाई न्हाई ही, वैजे," अण्णा म्हणाले.

"ते डॉक्टरांनी महिन्यापूर्वी सांगितलंय! छापील कागदावर लिहून दिलंय!"

"डॉक्टर सांगत्यात. मी बगितलं न्हवतं."

"मग तुमच्या बघण्यापायी जीव घालवा! एवढाच तुकडा उरलाय, एवढाच, सांगितलं होतं ना त्याने? तपासणीच नाही झाली तर काय करायचं? अंगठा ठेवायचा का काढायचा, हे काय चिठ्ठ्या टाकून ठरवायचं?"

खूप बोलले. आई असती तर तोंडावर हात दाबला असता माझ्या. म्हाताऱ्या माणसाची भर बसमध्ये मी अक्कल काढली. एरवी अण्णा माझं एक ऐकून घेत नसत, चार परत करत. त्या दिवशी रुमालावरचा तो काळा कण त्यांनी बोटाच्या टोकावर घेतला, चिरडून बघितला, मग रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. त्यांचा चेहरा पार राखेचा झाला होता. मी मनात म्हटलं, आता कळलं. इतके दिवस आपल्याला काही झालेलंच नाही अशी समजूत घालून घेतली होती स्वतःची, ती आज गेली.

बस सुटली. ठोकळा ओल्या नॅपकिनात, नॅपकिन डब्यात, डबा माझ्या पोटाशी. खंबाटकीच्या घाटात बस धापा टाकत चढत होती आणि मी भीत होते. सरळ सांगते, आयुष्यात इतकी कधी भ्याले नाही. दर पाच मिनिटांनी वाटायचं, झाकण उघडून बघावं, मेण मऊ तर पडलं नाही ना. उघडलं तर गरम हवा आत जाईल म्हणून उघडत नव्हते. पुण्यात माणूस ठोकळा परत करतोय, हेरवाडकर मान हलवतायत, अण्णा बिनअंगठ्याच्या हाताने भाताचा घास उचलतायत, नाहीतर दोन वर्षांनी खोकायला लागलेत, असं सगळं एकामागून एक दिसत होतं. मला बापाशिवाय दुसरं कोण होतं?

शिरवळ आलं तेव्हा अण्णा पहिल्यांदा बोलले.

"वैजे, तू किती वर्सांची हुतीस गं, शाई घोटाय बसलीस तवा?"

"नऊ. आता ते कशाला?"

"न्हाई, असंच."

मी उत्तर दिलं ते खिडकीबाहेर बघत. रागच इतका होता की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुण्याच्या त्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. कॅन्सरच्या तपासणीचा विभाग तळमजल्यावर, एका लांब बोळाच्या टोकाला होता. खिडकीमागे चष्मेवाला तंत्रज्ञ बसला होता. रिक्षात बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं होतं काय सांगायचं ते. अण्णांनाही दटावलं होतं, "तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी बोलेन."

त्याने कागद बघितले, नंबर जुळवला, ठोकळा दिव्याखाली धरला. मग चष्मा कपाळावर चढवून पुन्हा धरला.

"हे कोणी खरवडलंय?"

"आम्हाला असंच दिलं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"असं देत नाहीत कुणी. नखाचे ओरखडे आहेत हे." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुमच्या दवाखान्याने असा दिला असेल तर मला घेता येणार नाही. मी परत पाठवतो, शेरा मारून. त्यांनी खुलासा करावा."

"नाही हो, दादा, परत नका पाठवू! मेण वितळेल..."

"मी खरवडलं," मागून अण्णा म्हणाले. "दवाखान्याचा काय दोष न्हाई. हिचाबी न्हाई. मी केलं."

तंत्रज्ञ आत गेला. पाच मिनिटांनी तो एका बाईंना घेऊन आला. पन्नाशीच्या, पांढरा कोट, केस कसेतरी गुंडाळलेले. डॉक्टर अत्तार. त्यांनी आमच्याकडे धड बघितलंही नाही. ठोकळा उचलला, "बसा इथेच," म्हणाल्या आणि दार लोटून गेल्या.

आम्ही बाकावर बसलो. अर्धा तास बसलो. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही, पण पुढे पुष्कळ वर्षं फेडत होते. अण्णा माझ्या डाव्या बाजूला बसले होते, आणि सारखे खाली बघत होते. मला वाटलं, लाजलेत.

डॉक्टर अत्तार आल्या त्या उभ्या उभ्याच बोलल्या. "नशीब तुमचं. वरवरचं गेलंय. एक पातळ काप काढून बघितला, आत अजून आहे. एका तपासणीपुरतं आहे, पण बिघडलं तर दुसऱ्यांदा करता येणार नाही. वीस दिवस लागतील."

 मी रडायला लागले, मोठ्याने, पदर-बिदर काही न लावता.

तो निकाल इथेच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. धोका कमीतला निघाला. अण्णांचा अंगठा राहिला, आणि त्यानंतर नऊ वर्षं त्यांनी त्याच हाताने शाई घोटली. शेवटी गेले ते झोपेत, हृदयाने.

पण तेव्हा त्या बाकासमोर डॉक्टर अत्तार चिडलेल्याच होत्या. त्यांचंही बरोबर होतं. "काका, एक सांगा मला," त्या म्हणाल्या. "शिकलेली नसली तरी माणसं असं करत नाहीत. एवढं समजावून तुमच्या हातात दिलेलं. का खरवडलंत?"

"शाई हाय का बगायला."

"कसली शाई?"

"तबल्याची." अण्णा उभे राहिले. गिऱ्हाइकाशी बोलतात तसं शांतपणे, एकेक शब्द ठेवून बोलायला लागले. "मी तबलं करतो, बाई. बावन्न वर्सं झाली. माझ्या हातातली ती शाई हाय, असं मी दोन वर्सं समजत हुतो. डॉक्टर म्हणाले, न्हाई, रोग हाय. मला म्हाताऱ्याला झाला तर झाला, त्येचं काय एवढं. पर मला एकदा माझ्या डोळ्यांनी बगायचं हुतं. त्येच्यात लोखंड घावलं असतं ना, तर मी इथनं हसत गेलो असतो, अंगठा कापा म्हणालो असतो. लोखंड न्हाई घावलं."

"मग? ते तर आधीच कळलं होतं."

"माझं कळलं हुतं."

असं म्हणून त्यांनी माझं डावं मनगट धरलं. मी अजून नाक पुसत होते, मला काही उमगलंच नाही. त्यांनी माझा हात उलटा केला आणि डॉक्टरीणबाईंच्या पुढे केला.

"आता हिचं बगा," अण्णा म्हणाले. "पुण्याला यायचं म्हणून हिनं काल चिंच आन् मीठ लावून हात घासले. सगळी शाई गेली. एवढं न्हाई गेलं. लोखंड घावलं असतं तर हीबी शाईच म्हणलो असतो."

तळव्याच्या कडेला, करंगळीच्या मुळाशी, एक काळा ठिपका होता. हात पुडीवर, म्हणजे ताणलेल्या कातड्यावर टेकून घोटताना जिथे हमखास शाई लागते, तिथेच. मी तो बघितलेला होता की! शंभरदा बघितला असेल. शाई मुरलीय, दुसरं काय. आमच्या घरात कुणाचा हात काळा नाही?

"काहीतरीच काय अण्णा, शाई आहे ती," मी म्हणाले. म्हणता म्हणता मी तो अंगठ्याने घासून बघितला.

डॉक्टर अत्तारांनी खिशातून भिंग लावलेली छोटी बॅटरी काढली. कापसावर स्पिरिट घेऊन ठिपका पुसला, जोर लावून पुसला. कापूस पांढराच राहिला. मग त्यांनी बॅटरी माझ्या हातावर टेकवली आणि डोळा लावला. बोळात कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं, ते दूर जाईपर्यंत त्या तशाच वाकलेल्या होत्या.

"हा कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. त्यांचा चिडका आवाज कुठच्या कुठे गेला होता.

 मला खरंच माहीत नव्हतं.

"संक्रांतीला न्हवता," अण्णा म्हणाले. "होळीला तिळाएवढा हुता. मी रोज बगतोय."

डॉक्टर अत्तारांनी बॅटरी बंद केली. त्यांनी तंत्रज्ञाला कुठलीशी खोली उघडायला सांगितली, कुठल्याशा सर्जनला फोन लावायला सांगितला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही इथेच बसा. ताई, तुम्ही चला माझ्याबरोबर आत. घाबरू नका, लवकर आलात."

माझी डावी करंगळी त्या महिन्यात गेली, मी राहिले. लोक विचारतात तेव्हा मी सुरीने तुटली म्हणून सांगते, कोण एवढं पुराण लावत बसणार. पण त्या दुपारचं आठवतं ते बोट नव्हे. आठवतं ते असं की डॉक्टरीणबाई दार धरून उभ्या होत्या, मी उठले, आणि माझं मनगट सुटेना. साडेसात तासांच्या प्रवासात, मी अक्कल काढली तेव्हाही, जो माणूस माझ्या ठिपक्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता, तो आता माझा हात धरून नुसता मान हलवत होता, नाही, नाही, नाही. अण्णांची पकड आयुष्यभर वाद्या ओढलेल्या माणसाची होती. मी त्यांचं एकेक बोट उचकटून काढलं, आणि आत गेले.